मल्टीफॅमिली वेगळं, अफोर्डेबल वेगळं

न्यू जर्सीतल्या उपनगरांत सध्या एकच हाकाटी ऐकू येते: "आपल्या टाउनमध्ये अफोर्डेबल येतंय!" काय येतंय म्हणून विचारावं, तर हायवेलगतच्या ओस पडलेल्या ऑफिस पार्कच्या जागी चार मजली, अडीचशे घरांचं अपार्टमेंट संकुल. म्हणजे येतंय ते मल्टीफॅमिली. त्यात अफोर्डेबल घरं किती, हे सांगणाऱ्यालाही माहीत नसतं. दर वेळी तेच तेच समजावून सांगायचा मला कंटाळा आलाय, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

मल्टीफॅमिली म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. एका इमारतीत अनेक बिऱ्हाडं, बस. आपल्यातले बरेच जण फ्लॅटमध्येच लहानाचे मोठे झाले. (इथे अर्ध्या एकरावरचं घर घेतल्यावर तेच लोक फ्लॅट म्हटलं की नाक मुरडतात, तो विषय पुन्हा कधीतरी.) विकत घेतलं तर कॉन्डो, भाड्याने असलं तर अपार्टमेंट, एवढंच लक्षात ठेवा. पुढच्या मुद्द्याला त्याने काही फरक पडत नाही.

खरी गोची अफोर्डेबलची आहे. या शब्दाचा इमारतीच्या आकाराशी संबंध नाही. घराला जोडलेल्या एका कायदेशीर बंधनाचं ते नाव आहे. हे घर ठरावीक उत्पन्नाच्या आतल्या कुटुंबालाच मिळेल आणि त्याचं भाडं किंवा किंमत सूत्राने ठरेल, असं बंधन दस्तातच नोंदवलेलं असतं. इथे त्याला डीड रिस्ट्रिक्शन म्हणतात. विकत घ्यायच्या घरावर ते किमान 30 वर्षं राहतं. 2024 च्या कायद्यानंतर भाड्याच्या नव्या घरांना साधारणपणे 40 वर्षं. असं घर घेतलंत तर मधल्या काळात बाजारभावाने विकता येत नाही. उत्पन्नाची मर्यादा ठरते त्या भागातल्या मध्यक उत्पन्नावरून, म्हणजे निम्मी कुटुंबं ज्याच्या वर आणि निम्मी ज्याच्या खाली असतात त्या आकड्यावरून. त्याच्या 50 टक्क्यांपर्यंत लो, 50 ते 80 मॉडरेट, आणि 30 च्या आत व्हेरी लो. "गरिबांची घरं" हे भाषांतर ऐकलं की माझं डोकं फिरतं. नव्याने रुजू झालेली शिक्षिका किंवा लहान मुलं सांभाळणारी एकटी आई बहुधा याच मर्यादेत बसते.

आता दोन्ही बाजूंनी ताडून पाहा. नवंकोरं, जिम आणि लॉबीवालं अपार्टमेंट मल्टीफॅमिली असतं, पण दस्तात बंधन नसेल तर अफोर्डेबल नसतं. अपंग व्यक्तींसाठी ग्रुप होम म्हणून चालवलेलं, दिसायला शेजारच्यासारखंच साधं घर अफोर्डेबलमध्ये मोजलं जातं, आणि ते मल्टीफॅमिली दिसतसुद्धा नाही. तिसरा प्रकार सगळ्यांत फसवा: जुनी, दोन मजली गार्डन अपार्टमेंट्स. भाडं कमी, म्हणून लोक त्यांना बिनधास्त अफोर्डेबल म्हणतात. पण स्वस्ताई तिथे केवळ जुनेपणामुळे आहे. मालकाने उद्या नवं किचन बसवलं की भाडं चढेल. प्रत्येक टाउनला अफोर्डेबल घरांचा आपला वाटा पुरा करायचा असतो (तो खाली येतोच). त्या हिशेबात अशी घरं एरवी धरलीच जात नाहीत.

मग हा गोंधळ होतो तरी का? त्याचं मूळ न्यू जर्सीतल्याच माउंट लॉरेल या टाउनविरुद्धच्या खटल्यात, 1975 च्या माउंट लॉरेल निकालात आहे. वाढत्या टाउन्सनी झोनिंग, म्हणजे कुठे काय बांधायचं ते ठरवणारे नियम, वापरून कमी उत्पन्नाच्या लोकांना बाहेर ठेवायचं नाही, आपल्या वाट्याच्या घरांना खरीखुरी संधी द्यायची, असं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. संधी द्यायची, म्हणजे टाउनने स्वतः घरं बांधलीच पाहिजेत असं नाही. त्यामुळे सोपी वाट निघाली: बिल्डरला जास्त घरांची परवानगी द्यायची आणि बदल्यात त्यातली साधारण 15 ते 20 टक्के अफोर्डेबल मागायची. अडीचशे घरांत 20 टक्क्यांनी ती होतात 50. उरलेली 200 बाजारभावाची. रस्त्यावरून जाणाऱ्याला मात्र अख्खी इमारत अफोर्डेबल वाटते.

या गैरसमजाची किंमत प्लॅनिंग बोर्डाच्या, म्हणजे बांधकामांना मंजुरी देणाऱ्या टाउनच्या मंडळाच्या, सुनावणीत मोजावी लागते. लोक माइकवर येऊन "अफोर्डेबल कमी करा" म्हणतात आणि 250 ची 150 घरं करून घेतात. सगळे खुशीत घरी जातात. पण 150 चे 20 टक्के होतात 30. टाउनला देणं होतं 50 घरांचं, म्हणजे 20 कमी पडली. ती कुठून आणायची? त्याच सूत्राने, दुसऱ्या एखाद्या जागी आणखी 100 घरं मंजूर करून! आणि टाउनने काही केलंच नाही तर 1983 च्या दुसऱ्या माउंट लॉरेल निकालापासून बिल्डर्स रेमेडी आहेच. बिल्डर कोर्टात जातो आणि आपल्या मनाप्रमाणे दाट बांधकामाची परवानगी घेऊन येतो.

टाउन्सचा हा वाटा फेऱ्याफेऱ्यांनी ठरतो. 2025 ते 2035 या चौथ्या फेरीसाठी राज्यभराची भावी गरज 84,698 घरांची धरली आहे. ती टाउन्सना वाटताना तीन गोष्टी बघतात: व्यापारी मालमत्तेच्या मूल्यात झालेली वाढ, रहिवाशांचं उत्पन्न आणि बांधण्याजोगी जमीन. मोडकळीस आलेल्या जुन्या घरांची दुरुस्ती हा हिशेब वेगळा.

मला विचाराल तर हायवेच्या कडेला मोठमोठी संकुलं उभी करण्यापेक्षा, ना-नफा संस्थेने बांधलेला, शंभर टक्के अफोर्डेबल आणि आटोपशीर प्रकल्प मला जास्त पटतो. तेवढीच 50 घरं हवी असतील तर सोबत 200 जास्तीची येत नाहीत. पैसा उभा करणं अवघड जातं, हे मान्य. पण माउंट लॉरेलमध्येच इथेल लॉरेन्स होम्स उभी आहेत. खटला लढवणाऱ्या बाईंचं नाव त्यांना दिलंय. 2000 साली तिथे लोक राहायला आले. प्रिन्स्टन विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला, तर आसपासच्या गुन्ह्यांवर, घरांच्या किमतींवर किंवा करांवर परिणाम दिसला नाही. बाहेरून बघाल तर साधी टाउनहाउसेस.

सेक्शन एट, म्हणजे केंद्र सरकारची भाड्यासाठीची मदत, यात घुसडू नका. त्याचं नेहमीचं व्हाउचर कुटुंबाला मिळतं आणि कुटुंब घर बदलतं तसं त्याच्याबरोबर जातं. डीड रिस्ट्रिक्शन घराला चिकटलेलं असतं.

आणि कुणाला असं घर खरंच हवं असेल, तर संकुलाच्या लीझिंग ऑफिसात जाऊन नुसतं "अफोर्डेबल आहे का" विचारू नका. समोरचा बाजारभावाचं घर दाखवून मोकळा होईल. टाउनने नेमलेला अॅडमिनिस्ट्रेटिव्ह एजंट कोण, हे टाउनच्या वेबसाइटवर असतं. अर्ज त्याच्याकडे करायचा. पुढे म्हाडासारखीच सोडत निघते, आणि अर्जाची तारीख बहुतेकदा इमारत पुरी होण्याआधीच उलटून जाते.