मोटारसायकलची लघुप्रतिकृती : हातचे भाग आणि बारकावे

मोटारसायकलच्या लहान प्रतिकृतीला बाजारातल्या सुट्या भागांच्या संचापलीकडे नेऊन, स्वतः घडवलेल्या भागांनी तिला एका विशिष्ट गाडीचे रूप देण्याचा छंद. यात १:१२, म्हणजे खऱ्या गाडीच्या बाराव्या हिश्श्याएवढे, हे सर्वांत रुळलेले प्रमाण असून जपानच्या टामिया कंपनीचे बहुतेक मोटारसायकल संच याच मापाचे असतात. १:१८ च्या तयार धातूच्या गाड्या स्वस्त पडतात, पण त्यांत हात घालायला फारशी जागा नसते. १:६ मध्ये चेनची कडी न् कडी दाखवता येते. मात्र टेबल अडून बसते.

खरा प्रश्न जाडीचा. क्लच केबलचे आवरण गाडीवर सुमारे ६ मिमी असते, म्हणजे १:१२ मध्ये अर्धा मिलिमीटर. साच्यात ओतलेले प्लास्टिक इतके बारीक निघत नाही, आणि संचातली गाडी खेळणे वाटते ती बहुतांशी यामुळेच. म्हणून केबल, ब्रेकची नळी, मडगार्डचे आधार हे आधी बदलतात. पंप-मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातली तांब्याची तार, इंजेक्शनची सुई, गोळ्यांच्या पाकिटाची पन्नी एवढ्यावर बरेच काम भागते.

सर्वांत कसोटीचे काम तारांच्या चाकाचे. खरी स्पोक साडेतीन-चार मिलिमीटर जाड, तेव्हा प्रतिकृतीत ०.३ मिमीची तार लागते. तांब्याची तार गुंडाळीतून वाकडीच येते. तिचे एक टोक शिकंज्यात धरून दुसरे पकडीने हळूहळू ओढायचे. किंचित ताणली गेली की ती सरळ होते आणि थोडी कडकही. मग रिम व हब कागदावरच्या आराखड्यावर बसवून, हबच्या डाव्या-उजव्या कडांतून आळीपाळीने तारा ओवतात. तारा एकमेकींना छेदून जायला हव्यात. सरळ किरणांसारख्या लावल्या की जाणकार लगेच हसतो.

कोकणात या छंदाचे वेळापत्रक हवा ठरवते. पावसाळ्यात आर्द्रता सहज ८० टक्क्यांच्या वर जाते. लॅकर रंगातला द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर बाष्प धरते आणि चकचकीत टाकीवर दुधी झाक येते. झटपट चिकटणारा गोंद ओलाव्यानेच घट्ट होतो, त्यामुळे तो लवकर धरतो खरा, पण भोवती पांढुरकी बुरशीसारखी छटा सोडतो. तेव्हा पावसात भाग घडवावेत आणि रंग दिवाळीनंतर, फार तर शिमग्यापर्यंत उरकावा हे बरे. लोखंडी टाचण्याही टाळाव्यात. खाऱ्या हवेत त्यांचा गंज रंगाखालून वर येतो.

हेडलाइटची काच बनवायला लाकडी ठोकळा कातून घेतात आणि मिठाईच्या डब्याचे पारदर्शक झाकण गरम करून त्यावर ओढतात. कातकाम आणि रंगीत लाकडी खेळण्यांची परंपरा सावंतवाडीत आहेच. मात्र लाकूड साच्यापुरतेच ठेवावे. त्याच्या रेषा या मापात फार मोठ्या दिसतात.

जुनेपणा दाखवण्यात हौशी माणूस बहुधा अतिरेक करतो. ओल्या पृष्ठभागावर मीठ भुरभुरून वर रंग मारायचा आणि नंतर मीठ झटकायचे, की उडालेल्या रंगाचे पोपडे छान जमतात. त्या नादात अख्खी टाकी सडवली जाते. किनाऱ्यावरची खरी गाडी गंजते ती स्पोकच्या निपलांशी (स्पोक रिमला आवळणाऱ्या बारीक नटांशी), सायलेन्सरच्या जोडावर, स्टँडच्या स्प्रिंगपाशी. हात आणि गुडघे रोज लागतात तिथे टाकी घासून उलट चकाकते. धुळीसाठी जांभ्या दगडाची भुकटी वस्त्रगाळ करून वापरावी. तिचा लालसर रंग लोहाच्या ऑक्साइडचा, त्यामुळे तो फिकट पडत नाही. मडगार्डची आतली बाजू आणि इंजिन थंड ठेवणाऱ्या खालच्या पात्यांमधल्या फटी एवढ्या जागी ती पुरे.

मासेविक्याची गाडी करायची तर मागच्या कॅरियरला रबराने बांधलेला जाळीदार क्रेट हवा. तो प्लास्टिकच्या पातळ पट्ट्यांतून घडवतात. क्रेट भरलेला दाखवला, तर मागचे शॉकअॅब्सॉर्बर थोडे दाबलेलेही दाखवावे लागतात. नंबरप्लेट रत्नागिरीची असेल तर एमएच ०८, सिंधुदुर्गाची असेल तर एमएच ०७. मागची २०० × १०० मिमीची पाटी इथे जेमतेम १७ × ८ मिमी भरते आणि अक्षरे ३ मिमीच्या आसपास, त्यामुळे ती हाताने रंगवण्यापेक्षा छापून चिकटवलेली बरी.