उलांडीची होडी आणि उलटणारी कयाक

ठाणे-नवी मुंबईकरांची कयाकशी पहिली ओळख बहुधा सुट्टीतली. कोकणातलं नाहीतर गोव्यातलं संथ पाणी, भडक नारिंगी प्लास्टिक, वर बसायला खोलगट जागा. उलटली तर माणूस पाण्यात पडतो, हसतो, पुन्हा चढतो. खवळलेल्या समुद्रात खडपांच्या कडेने न्यायची कयाक ही निराळी जात. तिच्यावर कोणी बसत नाही, ती कमरेला नेसतात.

ग्रीनलंडच्या इनुइट शिकाऱ्यांनी ती सीलच्या मागावर जाण्यासाठी घडवली. तिथे झाडं नाहीत, म्हणून समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकलेल्या लाकडांचा सांगाडा, त्यावर ताणून शिवलेलं सीलचं कातडं. आत शिरल्यावर शिकारी अंगातल्या कातडी जाकिटाचा घेर बसायच्या भोकाभोवती घट्ट बांधून टाकी, म्हणजे लाट अंगावरून गेली तरी आत पाणी नाही. पण मग होडी उलटली की माणूसही तिच्यासोबत डोकं खाली, पाय वर. सुटून पोहावं तर त्या बर्फगार पाण्यात फार वेळ तग धरणं अशक्य. वल्ह्याचा एक फटका आणि कमरेचा झटका देऊन पुन्हा सरळ होणं, ज्याला आज ‘रोल’ म्हणतात, ते असं पोटापाण्यातून आलं. कसरत म्हणून नव्हे.

याच प्रश्नाला कोकणाने दिलेलं उत्तर अगदी वेगळं. होडी अरुंद असेल तर तिला बाजूने उलांडी, म्हणजे आडव्या दांड्यांना जोडलेलं तरतं लाकूड बांधा, मग ती कलंडणारच नाही. आणि समुद्र जास्तच खवळला तर जाऊच नका. जूनमध्ये होड्या वर ओढायच्या आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मगच पाण्यात घालायच्या, ही ठाण्याच्या चेंदणीपासून नवी मुंबईतल्या दिवाळे गावापर्यंतच्या कोळीवाड्यांची जुनी रीत. मला यात भित्रेपणा दिसत नाही. होडी गेली तर घर बसतं, हा साधा व्यवहार आहे.

युरोपने इनुइटांची होडी उचलली, पण उलटून सरळ होण्याची विद्या बराच काळ तिकडेच राहिली. जर्मनीत योहान क्लेपर या शिंप्याने 1907 साली घडीच्या कयाकचे हक्क घेतले. सांगाडा सुटा करून कापडासकट पिशवीत भरा आणि रेल्वेने नदीवर जा. अशाच घडीच्या होडीतून ऑस्कर स्पेक हा जर्मन 1932 मध्ये तिथल्याच उल्म गावाहून निघाला आणि आपल्या पश्चिम किनाऱ्याने खाली श्रीलंकेकडे उतरत 1939 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत पोचला. तोवर महायुद्ध पेटलं होतं, त्यामुळे स्वागताऐवजी नजरकैद वाट्याला आली. रोल मात्र युरोपात आणला तो ऑस्ट्रियाच्या एडी पावलाटाने, 1927 मध्ये, तोही बराचसा ध्रुवीय प्रवाशांची वर्णनं वाचून. इंग्लंडचा जिनो वॉटकिन्स थेट ग्रीनलंडच्या शिकाऱ्यांकडून शिकला. 1932 मध्ये तिथेच एकटा सीलच्या शिकारीला गेला असताना त्याची रिकामी कयाक तरंगताना सापडली. वय पंचवीस. म्हणजे रोल येतो एवढ्यावर भागत नाही.

खडकाळ किनाऱ्यावर तर नाहीच. कोर्लईसारख्या टेकाडाला आपटलेली लाट परत फिरते आणि मागून येणाऱ्या लाटेला भिडते. मग पाण्याला दिशा उरत नाही, ते नुसतं उभं उसळतं. म्हणून जाणते कयाकवाले कड्याला चिकटून जात नाहीत, बाहेरून वळसा घालतात.

ठाणे खाडीला असे कडे नाहीत, कांदळवन आणि चिखल आहे. तरी खाडीला गरीब समजू नये. ओहोटीचं पाणी दक्षिणेकडे बंदराला निघतं. समोरून नैर्ऋत्येचा वारा आला की लाटा आखूड आणि उभ्या होतात, आणि वाशी पुलाच्या खांबांपाशी पाणी आणखी चेपतं. ही वेळ ओळखायचा जुना हिशेब म्हणजे तिथीची पाऊणपट. चतुर्थीला सुमारे तीन वाजता भरती पूर्ण, अष्टमीला सहा. खाडीत आत जाल तशी ती थोडी उशिरा. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाण्याला जोर कमी, पौर्णिमा-अमावास्येला उधाण.

पौर्णिमेचे पंधरा धरले तर येतात सव्वाअकरा. नारळी पौर्णिमेलाही तेच: दुपारभर उधाणाची ओहोटी, आणि वारा अजून नैर्ऋत्येचाच.