प्रतिक्रियेला लागणारा वेळ: मनाच्या गणिती प्रारूपांची पार्श्वभूमी

पडद्यावर एक शब्द उमटतो आणि तो मघाशी दाखवलेल्या यादीत होता की नव्हता, हे दोनपैकी एक कळ दाबून सांगायचे असते. उत्तर बहुधा सेकंदाच्या आत येते. अशा शेकडो उत्तरांची अचूकता आणि प्रत्येक उत्तराला लागलेला वेळ एवढ्या सामग्रीवरून आजचे गणिती मानसशास्त्र त्या व्यक्तीविषयी काही संख्या काढते: तिच्या स्मृतीतून पुरावा किती वेगाने मिळतो, उत्तर देण्यापूर्वी ती किती पुरावा मागते, तिचा कल आधीपासूनच एखाद्या उत्तराकडे आहे का, आणि शब्द वाचण्यात व बोट हलवण्यात किती वेळ जातो. यांपैकी एकही संख्या उपकरणाने थेट मोजता येत नाही. त्या एका गणिती प्रारूपातून निघतात, आणि त्या प्रारूपाच्या घडणीत खगोलशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, गुप्तलिपीची उकल आणि युद्धसामग्रीची तपासणी यांचा वाटा मोठा आहे.

१७९६ साली ग्रीनिच वेधशाळेचे प्रमुख नेव्हिल मास्केलिन यांनी डेव्हिड किनब्रुक या आपल्या साहाय्यकाला कामावरून दूर केले. तारा दुर्बिणीतील उभा धागा ओलांडतो तो क्षण, डोळ्याने तारा पाहत आणि कानाने घड्याळाचे ठोके मोजत, सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत नोंदवायचा, अशी तेव्हाची रीत होती. किनब्रुकच्या नोंदी मास्केलिन यांच्या नोंदींच्या मागे पडू लागल्या होत्या. आधी सुमारे अर्धा सेकंद, पुढे ०.८ सेकंद. मास्केलिन यांनी हा सदोष पद्धतीचा परिणाम मानला. सुमारे २५ वर्षांनी क्योनिग्सबर्गचे खगोलशास्त्रज्ञ फ्रीडरिख बेसेल यांनी या हकिगतीकडे वेगळ्या नजरेने पाहिले. त्यांनी स्वतःची तुलना इतर निष्णात निरीक्षकांशी केली, तेव्हा त्यांच्यातही एक सेकंदाहून अधिक फरक निघाला. प्रत्येक निरीक्षकाचा उशीर बऱ्याच अंशी ठरावीक असतो, म्हणून तो वजा करता येतो, या विचाराला पुढे ‘वैयक्तिक समीकरण’ हे नाव मिळाले. ज्या उशिरापायी किनब्रुकची नोकरी गेली, तो उशीर मानवी मनाविषयी काही सांगत असेल, असे मात्र खगोलशास्त्रज्ञांना वाटले नाही. त्यांना तो फक्त काढून टाकायचा होता.

त्याच क्योनिग्सबर्गमध्ये १८५० साली हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या मज्जातंतूतून संदेश किती वेगाने जातो हे मोजले. तो सेकंदाला सुमारे ३० मीटर निघाला. विचार आणि कृती यांच्यामध्ये वेळ जातो आणि तो मोजता येतो, हे यामुळे स्पष्ट झाले. नेदरलंड्समधील उट्रेख्टचे फ्रान्सिस्कुस डाँडर्स यांनी त्यातून पद्धत घडवली. कोणत्या पायाला विजेचा सौम्य धक्का बसणार हे आधी ठाऊक असताना प्रतिसाद द्यायला जेवढा वेळ लागे, त्यापेक्षा ते ठाऊक नसताना आणि त्यानुसार उजवा किंवा डावा हात निवडायचा असताना सुमारे १/१५ सेकंद अधिक लागे. हा अधिकचा वेळ म्हणजे ओळखण्याचा आणि निवडण्याचा वेळ, असे त्यांनी १८६८ साली मांडले. या वजाबाकीत एक गृहीतक दडलेले होते: कामात नवा टप्पा जोडला तरी बाकीचे टप्पे जसेच्या तसे राहतात. लवकरच त्यावर आक्षेप आले आणि ते रास्त होते.

स्मृतीचे समीकरणही वेळेच्या मोजमापातूनच आले. हेर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःलाच प्रयुक्त (ज्याच्यावर प्रयोग करायचा ती व्यक्ती) बनवले, सुमारे २३०० निरर्थक अक्षरसमूह तयार केले आणि त्यांच्या याद्या पाठ करून, विसरून, पुन्हा पाठ केल्या. विसरलेले पाढे दुसऱ्यांदा पाठ करायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो, हा आपल्याकडच्या कोणाही शाळकरी मुलाचा अनुभव आहे. एबिंगहाउस यांनी ही बचत टक्क्यांत मांडली. २० मिनिटांनंतर ती सुमारे ५८ टक्के होती, तासाभराने ४४, दिवसाने ३४ आणि ३१ दिवसांनी २१. १८८५ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी या आकड्यांना लघुगणकाचे एक सूत्र बसवून दाखवले. सूत्राचा नेमका आकार कोणता असावा यावर पुढे शंभर वर्षे वाद चालला, पण विस्मरण आधी झपाट्याने आणि मग संथपणे होते, हे त्यांचे निरीक्षण टिकले.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, विशेषतः अमेरिकेत, वर्तनवादाचा, म्हणजे फक्त बाहेरून दिसणाऱ्या वर्तनाचाच अभ्यास करावा या मताचा, जोर वाढला आणि मनातल्या टप्प्यांविषयी बोलणेच अशास्त्रीय ठरू लागले. प्रारूपाला लागणारे खरे गणित दुसऱ्या महायुद्धात तयार झाले, आणि तेही मनाचा विचार न करता.

इंग्लंडमध्ये ब्लेचली पार्क येथे ॲलन ट्युरिंग जर्मन नौदलाच्या एनिग्मा या गुप्तलिपीच्या यंत्राचे संदेश उलगडत होते. दोन संदेश एकावर एक ठेवून जुळणाऱ्या अक्षरांवरून प्रत्येक शक्यतेच्या बाजूचा वा विरुद्धचा पुरावा मोजायचा, तो लघुगणकाच्या मापात बेरीज करत जायचा, आणि बेरीज पुरेशी झाली की थांबायचे, अशी त्यांची पद्धत होती. पुराव्याच्या या मापाला ‘बॅन’ म्हणत. त्याचा दहावा भाग हा माणसाच्या अंतर्ज्ञानाला जेमतेम जाणवेल असा पुराव्यातील सर्वांत लहान बदल आहे, असे ट्युरिंग यांचे सहकारी जॅक गुड यांनी लिहून ठेवले आहे. त्याच काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अब्राहम वॉल्ड युद्धसामग्रीच्या चाचण्यांचा प्रश्न सोडवत होते. नमुना किती मोठा घ्यायचा हे आधी न ठरवता एकेक नग तपासावा, पुरावा वरच्या सीमेला भिडला तर माल स्वीकारावा, खालच्या सीमेला भिडला तर नाकारावा, आणि मध्ये असेल तर पुढचा नग घ्यावा. तेवढ्याच खात्रीसाठी या रीतीने सरासरी अर्ध्याच्या आसपास नमुना पुरतो. हे संशोधन १९४५ पर्यंत गुप्त होते. वॉल्ड १९५० साली भारत सरकारच्या निमंत्रणावरून व्याख्याने देण्यासाठी भारतात आले असताना १३ डिसेंबरला निलगिरीत झालेल्या विमान अपघातात पत्नीसह मृत्यू पावले. तेव्हा ते ४८ वर्षांचे होते. आपली रीत मनाचे प्रारूप होईल हे पाहायला ते राहिले नाहीत, याची हळहळ वाटते.

१९५२ साली केंब्रिजचे विल्यम हिक यांनी दाखवले की पर्याय वाढले की प्रतिक्रियाकाल पर्यायांच्या संख्येच्या लघुगणकानुसार वाढतो. माहितीसिद्धान्ताची, म्हणजे संदेशातील माहिती संख्येत मोजणाऱ्या गणिताची, भाषा मनाला लागू पडते, हा विश्वास त्यातून आला. पण माणूस चुकतो केव्हा आणि किती वेळाने, हे त्या नियमात नव्हते. ती उणीव भरण्यासाठी मर्विन स्टोन यांनी १९६० साली वॉल्ड यांची दोन सीमांची कल्पना निवडीच्या प्रतिक्रियाकालाला लावली. आता घाई आणि अचूकता यांचा सौदा एकाच चित्रात मांडता येऊ लागला: सीमा जवळ आणल्या की उत्तर लवकर येते आणि चुका वाढतात, त्या दूर नेल्या की उलट घडते.

स्मृतीच्या अभ्यासकांपुढचा पेच निराळा होता. सॉल स्टर्नबर्ग यांनी १९६६ साली दाखवले की लक्षात ठेवलेल्या अंकांच्या यादीत एक अंक वाढला की उत्तराला सुमारे ३८ मिलिसेकंद अधिक लागतात; म्हणजे मन यादी एकेक करून तपासते, असा त्यांचा निष्कर्ष. पण सर्व अंक एकाच वेळी तपासणारी प्रारूपेही हीच सरळ रेषा देऊ शकतात, हे जेम्स टाउनसेंड यांनी १९७०च्या दशकात गणिताने सिद्ध केले. केवळ सरासरी वेळ जुळल्याने प्रारूप खरे ठरत नाही, हा धडा या विषयातला सर्वांत महत्त्वाचा आहे असे मला वाटते. रॉजर रॅटक्लिफ यांचे १९७८ चे स्मृतिप्रारूप म्हणूनच वेगळे उठून दिसते: त्यात सरासरीऐवजी बरोबर आणि चुकीच्या उत्तरांच्या वेळांचे संपूर्ण वितरण जुळवावे लागते. पुरावा यादृच्छिकपणे डगमगत एका सीमेकडे सरकतो, आणि त्या सरकण्याचा सरासरी वेग प्रत्येक प्रश्नागणिक थोडा बदलतो. या एका भरीमुळे चुकीची उत्तरे अनेकदा बरोबर उत्तरांपेक्षा उशिरा का येतात, याचा उलगडा झाला.

१९९०च्या दशकापासून मायकेल शॅडलेन आणि विल्यम न्यूसम यांनी माकडांना हलत्या ठिपक्यांची दिशा ओळखायला लावून मेंदूच्या पार्श्विक खंडातील पेशींची नोंद घेतली, तेव्हा त्या पेशींची क्रिया निर्णयापर्यंत चढत जाणारी आढळली. पुरावा खरोखर तेथेच साठतो की कसे, यावर अजून एकमत नाही. अवधानही २०१० मध्ये याच चौकटीत आले: दोन खाद्यपदार्थांतून एक निवडताना ज्याच्याकडे त्या क्षणी नजर नसते, त्याच्या मूल्याचा परिणाम सुमारे ०.३ पटच धरला, तर निवडी आणि नजरेच्या नोंदी एकत्र जुळतात, असे इयान क्रायबिख आणि सहकाऱ्यांनी दाखवले.

म्हातारपणी माणूस मंदावतो, याचा अर्थ त्याची बुद्धी मंदावते, असा समज दीर्घकाळ होता. रॅटक्लिफ, अंजली थापर आणि गेल मकून यांनी २००० नंतर साठीपुढच्या व्यक्तींची उत्तरे या प्रारूपातून तपासली. अनेक कामांत पुरावा मिळण्याचा वेग तरुणांच्या जवळपास होता. त्यांनी सीमा दूर ठेवल्या होत्या, आणि निर्णयाबाहेरच्या हालचालींना थोडा अधिक वेळ लागत होता.