कुरडयांचा दिवस (नाशिक)

नाशिक शहर आणि जिल्ह्यातल्या घरांत चैत्र-वैशाखात कुरडया घालण्यासाठी राखून ठेवलेला दिवस. पापड, सांडगे, बटाट्याचा कीस ही वाळवणे एकटीच्या हातानेही उरकतात. कुरडयांना किमान तीन माणसे लागतात. एक चीक (भिजवलेला गहू वाटून गाळलेले सत्त्व) हाटणारी, एक सोऱ्या (तारा पाडायचा साचा) दाबणारी, एक भांडी-पाणी आणि वर-खाली करणारी. म्हणून शेजारपाजारच्या बायका सावडीने हे काम करतात: आज एकीच्या गच्चीवर, परवा दुसरीच्या. म्हणायला दिवस एकच, पण गहू त्याच्या चार दिवस आधी भिजतो.

हंगाम

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. एप्रिलमध्ये दुपारचा पारा ३८-४० अंशांपर्यंत जातो, हवा कोरडी असते आणि पहाटे मात्र गारवा राहतो. कुरडईला हेच हवे: थंड पहाटेत चुलीपुढे उभे राहता येते आणि दहाच्या पुढे ऊन कडक मिळते. मार्चअखेरीस नवा गहू घरात येतो. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात दुपारनंतर ढग, वावटळ आणि वळीव सुरू होतो. मधले पाच-सहा आठवडे खरे. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पुरणपोळी-आमरसाच्या ताटात नवी कुरडई हवी, म्हणून बहुतेक घरे त्याआधीचा मुहूर्त धरतात. लग्नघरात रुखवतासाठी गुलाबी-हिरव्या कुरडयाही लागतात. त्यांचा रंग चीक शिजवतानाच घालावा लागतो.

गहू आणि चीक

लोकवन गहू सर्वांत जास्त वापरला जातो. निफाडच्या कृषी संशोधन केंद्राच्या जातींपैकी त्र्यंबक आणि तपोवन चालतात. गोदावरी हा बन्सी गहू रव्या-शेवयांना उत्तम, पण त्याची कुरडई पिवळट उतरते. साठवणीसाठी बोरिक पावडर किंवा एरंडेल लावलेला गहू घेऊ नये.

दोन किलो गहू निवडून, धुऊन, वर चार बोटे पाणी राहील असा भिजवतात. तीन दिवस रोज पाणी बदलायचे. हे चुकले की चीक आंबट आणि करडा होतो, आणि तो वास तळल्यावरही जात नाही. थोडा आंबूस वास यायलाच हवा. त्या आंबण्यानेच दाण्यातले पीठ चिकट भागापासून सुटते. दाणा चिमटीत दाबल्यावर पांढरे दूध उडाले आणि हातात नुसती साल उरली की गहू झाला. कडक उन्हाळ्यात हे अडीच दिवसांतही होते, तेव्हा दिवस मोजण्यापेक्षा दाणा दाबून पाहावा.

चौथ्या दिवशी दुपारी गहू वाटतात. पूर्वी पाटा-वरवंटा होता. आता मिक्सर, किंवा ओला गहू भरडून देणारी गिरणी. वाटण पाण्यात कालवून, पिळून, आधी चाळणीतून आणि मग पातळ सुती कापडातून गाळतात. चोथा आणखी दोनदा धुऊन पिळायचा. पहिल्या पिळण्यात निम्मा चीक आतच राहतो. गाळलेले दूध रात्रभर झाकून ठेवले की चीक तळाशी दगडासारखा बसतो. वरची पिवळी निवळी सकाळी अलगद ओतून द्यायची, गोठा जवळ असेल तर गुरांना. पातेले हलले तर चीक पुन्हा वर येतो आणि तासभर थांबावे लागते. चिकावर करड्या रंगाचा पातळ थर दिसतो, तो चमच्याने खरवडून काढला तर कुरडई पांढरी होते; न काढल्यास चव बिघडत नाही, फक्त रंग मळकट येतो.

पहाट

पाचला गॅस पेटतो. त्याआधी, नळाला पाणी येते त्या वेळेनुसार, पिण्याचे आणि वापरायचे पाणी भरून झालेले असते. धुणे आदल्या दिवशीच उरकतात, कारण दोऱ्या आणि गच्ची दोन्ही आज मोकळी हवीत. स्वयंपाकही थोडक्यात: मुगाची खिचडी आणि ताक.

दाट चीक जितकी भांडी, तितकीच भांडी पाणी. चीक सैल असेल तर पाणी पाऊण भांडे. एका भांड्याला एक सपाट चमचा मीठ, हिंग आणि चमचाभर तेल. मीठ चवीला कमीच ठेवावे, कारण वाळल्यावर ते दाटते. पहिल्यांदा करणारीच्या कुरडया हमखास खारट होतात. पाण्याला खळखळून उकळी आली की आच मंद करून एकीने चिकाची बारीक धार सोडायची आणि दुसरीने लाकडी दांड्याने न थांबता हाटायचे. धार जाड झाली किंवा हात थांबला की गुठळी होते. तीच पुढे सोऱ्याच्या भोकात अडकते. गव्हाचे पीठ ६० अंशांच्या आसपास फुगून दाटायला लागते, त्यामुळे पहिल्या दोन-तीन मिनिटांतच सगळे ठरते. दहा-बारा मिनिटांनी चीक पांढऱ्याचा काचेसारखा होतो. झाकण ठेवून पाच मिनिटे वाफ द्यायची. ओले बोट लावल्यावर चिकटले नाही की शिजला. एका वेळी दोन-तीन भांड्यांपेक्षा मोठा घाणा घेऊ नये, घरातल्या मनगटांना तो हाटवत नाही.

याच वेळी वाटीत गरम चीक, त्यावर तूप किंवा दूध-साखर घालून सगळ्यांचा नाश्ता होतो. मुले पहाटे उठतात ती त्यासाठीच.

घालणे

भांडीबाजारातला पितळी सोऱ्या वजनदार, पण दाब झेलतो. पत्र्याचा हलका सोऱ्या घट्ट चिकाला वाकतो. आतून पाण्याचा हात फिरवून तो गरम चिकाने भरायचा आणि ओल्या फडक्यात धरायचा. चीक गारठला तर दाबला जात नाही आणि तार तुटते, म्हणून पातेले झाकून गोधडीत गुंडाळून गच्चीवर नेतात. जाड प्लास्टिकवर किंवा जुन्या सुती साडीवर तळहाताएवढी, दोन-तीन वेढ्यांची कुरडई घालतात. वेढे एकावर एक चढवले तर मधला भाग ओला राहतो. साडेसात-आठपर्यंत शेवटची कुरडई पडलेली असावी. उशीर झाल्यास पायाला गच्ची भाजते आणि चीक घट्ट होत जातो.

प्लास्टिकवरच्या कुरडया संध्याकाळी आपोआप सुटतात. साडीवरच्या काढताना कापडाला मागून पाण्याचा हात लावावा. ओढून काढल्या तर तुकडे होतात. पहिल्या संध्याकाळी उलटवून, दवाच्या आधी घरात. मग आणखी दोन दिवस ताटात घालून ऊन. मोडताना कट्कन आवाज आला आणि ताटात खळखळल्या की पुरे. कावळे-कबुतरांसाठी काळे फडके बांधतात. खरा उपाय म्हणजे सावलीत बसवलेला पोरगा.

चिकात पाणी जास्त झाले तर तारा पसरून एकमेकींना चिकटतात. कच्चा राहिला तर वाळताना भेगा पडतात आणि तळल्यावर कुरडई फुलत नाही. सकाळीच ढग आले तर पंख्याखाली पसरतात, पण अशी कुरडई मऊच राहते आणि आतून बुरशीचा वास धरते. म्हणून आकाश पाहून एक दिवस थांबलेले परवडते: गाळलेला चीक पाणी बदलून फ्रिजमध्ये एक रात्र टिकतो.

उरलेला दिवस

पातेल्याला लागलेला चीक लगेच गार पाण्यात भिजवावा. कच्च्या चिकाच्या भांड्यावर गरम पाणी ओतले की त्याची खळ होऊन बसते. चोथा फेकत नाहीत: थोडा शिजवलेला चीक, ठेचलेला लसूण, जिरे, तीळ आणि लाल तिखट घालून त्याच्या भुसवड्या घालतात. त्या तळून भाकरीबरोबर खातात, आणि अनेकांना कुरडईपेक्षा त्याच जास्त आवडतात.

दुपारी घरात उडदाचे पापड लाटले जातात; ते सावलीत सुकवून मग थोडेच ऊन देतात, कडक उन्हात ते वाकडे होतात. त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, पेठ, सुरगाणा भागात नागलीच्या पापडांची उकड निघते, तर मालेगाव-बागलाणकडे बिबड्यांची (ज्वारीच्या पापडांची). काळ्या मसाल्याच्या मिरच्या मात्र त्याच गच्चीवर पसरू नयेत: वारा सुटला की लाल धूळ ओल्या कुरडयांवर बसते, ती धुता येत नाही.

दोन किलो गव्हातून किलोभराच्या आत-बाहेर कुरडया निघतात. पत्र्याच्या डब्यात घट्ट झाकण लावून त्या वर्षभर राहतात; पावसाळ्याआधी एकदा ऊन द्यावे. तळताना तेल चांगले तापलेले हवे, म्हणजे तारेत उरलेल्या थोड्या पाण्याची झटक्यात वाफ होऊन ती तिप्पट-चौपट फुलते. कोमट तेलात ती दाताखाली तारेसारखीच लागते. मोडलेला चुरा वेगळा ठेवतात. पावसाळ्यात भाजी महागली की तो दहा मिनिटे पाण्यात भिजवून कांदा-मिरचीच्या फोडणीत परततात.