एका दरपत्रकावरच्या चार शस्त्रक्रिया : पार्श्वभूमी

मुंबईतल्या कॉस्मेटिक क्लिनिकच्या दरपत्रकावर व्हजायनोप्लास्टी, लेबियाप्लास्टी, हायमेनोप्लास्टी आणि लेझर ही नावे एकाखाली एक छापलेली दिसतात, त्यामुळे हे सगळे एकाच घराण्यातले उपचार असावेत असे वाटते. त्यांचा इतिहास पाहिला तर तसे म्हणता येत नाही.

यांतली सर्वांत जुनी शाखा बाळंतपणातल्या जखमांची आहे. प्रसूतीच्या वेळी योनी आणि गुदद्वार यांमधला भाग फाटतो, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडतात आणि काही वर्षांनी बाई परळच्या ओपीडीत येऊन 'अंग बाहेर येतं' (म्हणजे गर्भाशय खाली सरकते) एवढ्या तीन शब्दांत आपले दुखणे सांगते. या तक्रारीवर मुंबईत मोलाचे काम झाले आहे : गर्भाशय काढून न टाकता पट्टीच्या आधाराने ते वर धरून ठेवणाऱ्या, तरुण स्त्रियांसाठी विशेष उपयोगी पडलेल्या शस्त्रक्रियांना आजही डॉ. वि. ना. शिरोडकर आणि पुरंदरे यांची नावे आहेत. फाटलेला भाग पुन्हा बांधणे (पेरिनिओप्लास्टी) आणि सैल योनिमार्ग आवळून शिवणे (व्हजायनोप्लास्टी) ही कामेही मुळात दुरुस्तीचीच. पुढे तीच 'टाइटनिंग' या नावाने विकली जाऊ लागली. टाके गरजेपेक्षा घट्ट पडले तर संबंधाच्या वेळी वेदना होतात, आणि सैलपणा सौम्य असेल तर अर्नोल्ड केगेल यांनी १९४८मध्ये मांडलेले स्नायूंचे व्यायाम आधी करून पाहणे शहाणपणाचे ठरते.

लेबियाप्लास्टीचा, म्हणजे आतील भगोष्ठ (योनिमुखाच्या दोन्ही बाजूंच्या त्वचेच्या आतल्या घड्या) लहान करण्याचा, वंश निराळा आहे. केवळ दिसण्यासाठी केलेल्या या शस्त्रक्रियेवर हॉजकिन्सन आणि हेट यांचा लेख १९८४मध्ये आला; त्यांनी कडेची जादा त्वचा कापली होती. १९९८मध्ये गॅरी ऑल्टर यांनी मधली पाचर काढून नैसर्गिक कड राखण्याची पद्धत मांडली. सायकल चालवताना किंवा घट्ट कपड्यांत खरोखर काचत असेल, तर शस्त्रक्रियेला कारण आहे. 'नॉर्मल दिसावे' एवढीच इच्छा असेल, तर २००५मध्ये लंडनमध्ये ५० स्त्रियांची घेतलेली मोजमापे पाहावीत : भगोष्ठांची रुंदी ७पासून ५० मिलिमीटरपर्यंत भरली होती. र. धों. कर्व्यांनी १९२७मध्ये याच शहरातून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू करून शरीराविषयी मराठीत उघड लिहिले. त्यानंतर इतक्या वर्षांनीही या अवयवांची मराठी नावे घेताना आपण अडखळतो, आणि जाहिरातदाराचे काम सोपे होते.

हायमेनोप्लास्टीत योनिपटलाच्या, म्हणजे योनिमुखाशी असलेल्या पातळ पडद्याच्या, कडा बारीक टाक्यांनी जोडतात. तिचा शरीराला काही उपयोग नाही. ती जन्मली ती लग्नाच्या रात्रीच्या धाकातून, आणि रक्त दिसेलच याची हमी तीही देऊ शकत नाही. योनिपटलावरून कौमार्य ठरत नाही, हे न्यायवैद्यकशास्त्राने मान्य केले आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३मध्ये बलात्कारपीडितेची, योनीत बोटे घालून केली जाणारी 'दोन बोटांची चाचणी' तिच्या खासगीपणाचा आणि प्रतिष्ठेचा भंग करणारी ठरवली.

लेझर सर्वांत नवे, आणि खरे तर ती शस्त्रक्रियाही नाही. उष्णता देऊन योनीची आतली त्वचा घट्ट करण्याचा तो दावा आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २०१८मध्ये अशा यंत्रांविषयी इशारा दिला, त्यात भाजणे, व्रण पडणे आणि टिकून राहणारी वेदना यांचा उल्लेख होता.