कॉलिटनच्या बायका उशिरा लग्न करत होत्या

इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातल्या कॉलिटन या लहानशा गावात चर्चच्या नोंदवह्या १५३८ पासूनच्या आहेत. त्या वर्षी आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला, की प्रत्येक धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीत, बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवावी. नोंद जेमतेम एका ओळीची: तारीख, बाळाचं नाव, बापाचं नाव. आईचं नाव असेलच असं नाही.

सुट्या ओळीतून फारसं काही कळत नाही. १९५० च्या दशकात फ्रान्समध्ये लोकसंख्येचे अभ्यासक लुई आंरी यांनी या ओळी जोडायची पद्धत बसवली. दर जोडप्यामागे एक कागद. त्यावर लग्नाची तारीख, मग मुलांचे बाप्तिस्मे, मग दफनं. बायकोचा स्वतःचा बाप्तिस्मा त्याच वहीत सापडला, की लग्नाच्या वेळचं तिचं वय निघतं. दोन बाळंतपणांतलं अंतर कळतं, आणि शेवटचं मूल झालं तेव्हा ती किती वर्षांची होती हेही. काम अतिशय चिकाटीचं, कारण एकच आडनाव दहा तऱ्हांनी लिहिलेलं असतं.

इंग्लिश इतिहासकार ई. ए. रिग्ली यांनी १९६६ साली कॉलिटनचा असा अभ्यास प्रसिद्ध केला. जुन्या काळी सगळीकडे मुलींची लग्नं कोवळ्या वयातच होत, हा आपला समज तिथे पार मोडतो. १५६० ते १६४६ या काळात लग्नाच्या वेळी मुलीचं सरासरी वय २७ होतं. १६४५-४६ च्या प्लेगने गावातला सुमारे पाचवा हिस्सा माणसं नेली. त्यानंतर लग्नं लवकर होऊन घरं पुन्हा भरतील असं वाटतं ना? झालं उलटंच. पुढची सत्तर वर्षं मुलींच्या लग्नाचं वय तिशीला टेकलं होतं; नवऱ्यांचं सरासरी वय त्याहून कमी. तिशीनंतर मुलंही कमी होत होती. जोडपी जाणूनबुजून पाळणा लांबवत होती, असा रिग्ली यांचा निष्कर्ष.

त्यावर वाद झाला, आणि तो रास्त होता. १६४० च्या दशकातल्या इंग्लंडच्या यादवी युद्धाच्या काळात अनेक ठिकाणी वह्या नीट ठेवल्या गेल्या नाहीत. बाप्तिस्म्याआधीच गेलेलं बाळ त्या वहीत येतच नाही, वेगळ्या पंथात गेलेल्यांची मुलंही येत नाहीत. गाव सोडून गेलेल्यांचा कागद अर्धाच राहतो. त्यामुळे पाळणा लांबवण्याचा निष्कर्ष मी जपून घेईन. उशिरा लग्नाचा मात्र भक्कम वाटतो, कारण पुढे इंग्लंडमधल्या २६ धर्मग्रामांच्या नोंदी अशाच जोडल्या, तेव्हाही मुलींची पहिली लग्नं सरासरी पंचविशीच्या आसपासच निघाली.