हिब्रूतली रोजची वाक्यं आणि त्यांची स्त्री-पुरुष रूपं

हिब्रूत लिंगं दोनच, नपुंसकलिंग नाहीच. मराठी माणसाला हे जड जात नाही कारण ‘बोलतो-बोलते’ आपल्या तोंडात असतंच, तिथेही पुरुष ‘अनी मेदाबेर’ म्हणतो आणि बाई ‘अनी मेदाबेरेत’. पण आपलं ‘तू’ दोघांना एकच आणि हिब्रूत पुरुषाला ‘अता’, बाईला ‘अत’, त्यामुळे समोर कोण आहे हे कळल्याशिवाय साधं ‘तू’सुद्धा म्हणता येत नाही. आदरार्थी ‘तुम्ही’ मात्र रोजच्या बोलण्यात नाही, मास्तरांनाही ‘अता’च. भूतकाळात ‘मी’ला उलटी सूट मिळते, ‘हलाख्ती’ म्हणजे मी गेलो पण आणि मी गेले पण.

खुशाली विचारताना पुरुषाला ‘मा श्लोमखा’, बाईला ‘मा श्लोमेख’. यात ‘शालोम’ हाच शब्द आहे, शांती, नमस्कार आणि निरोप तिन्हीसाठी चालणारा. लिहिताना मात्र दोन्ही रूपांची अक्षरं अगदी तीच, कारण रोजच्या लिखाणात स्वरांच्या खुणा देत नाहीत (त्या लहान मुलांची पुस्तकं, कविता, प्रार्थना यांतच दिसतात), मग कागदावरचा प्रश्न बाईला आहे की पुरुषाला हे संदर्भावरून वाचणाऱ्याने ओळखायचं. ही भानगडच नको असेल तर ‘मा निश्मा’ म्हणा, काय चाललंय, कुणालाही चालतं. ‘तोदा’ म्हणजे थँक्यू, तेही सगळ्यांना एकच.

प्रेमाच्या वाक्यात तर बोलणारा आणि ऐकणारा दोघांचंही लिंग लागतं. तो तिला म्हणतो ‘अनी ओहेव ओताख’, ती त्याला ‘अनी ओहेवेत ओत्खा’, आई मुलीला ‘अनी ओहेवेत ओताख’ आणि बाप मुलाला ‘अनी ओहेव ओत्खा’. एकाच भावनेची चार वाक्यं, मला तर हा हिब्रूतला सगळ्यात सुंदर भाग वाटतो. लग्नानंतरचा शब्द मात्र खटकतो, नवऱ्याला ‘बाआल’ म्हणतात आणि त्याचा मूळ अर्थ मालक, आपल्याकडे ‘धनी’ म्हणायचे तसंच. हल्ली काही बायका त्याऐवजी ‘इशी’, म्हणजे माझा माणूस, असं म्हणतात.

घोळक्यात बायका कितीही असू देत, एक पुरुष आला की नियमाने पुल्लिंगी ‘अतेम’, म्हणजे तुम्ही सगळे. इस्रायली राजकारणी मेराव मिखाएली भाषणात मुद्दाम स्त्रीलिंगी रूपं वापरण्यासाठी ओळखल्या जातात.

शुभेच्छांमध्ये विशेषण (तोव-तोवा, म्हणजे चांगला-चांगली) नामानंतर येतं, शाना (वर्ष) स्त्रीलिंगी म्हणून ‘शाना तोवा’, बोकेर (सकाळ) पुल्लिंगी म्हणून ‘बोकेर तोव’. ‘लायला’ म्हणजे रात्र, ऐकायला बाईसारखी (हिब्रूत शेवटी ‘आ’ असलेली नामं सहसा स्त्रीलिंगी) पण शब्द पुल्लिंगी, म्हणून ‘लायला तोव’. आकड्यांत तर सगळं उलटंच, तीन मुलगे ‘श्लोशा येलादिम’ आणि तीन मुली ‘शालोश येलादोत’, म्हणजे बाईसारखा दिसणारा आकडा मुलग्यांना. इस्रायली लोकही इथे चुकतात, दहा शेकेल (तिथलं चलन) सांगताना नियमाने ‘असारा श्कालिम’ हवं पण बाजारात सर्रास ‘एसेर शेकेल’ ऐकू येतं.